चरकाला तरी विचारा

“जडीबुटीच तं आहे बाप्पा, काई नाई होत.”

अमरावती-अकोल्याकडे पोटाच्या चूर्णाबद्दल जराशी शंका काढली की हे वाक्य हमखास ऐकू येतं. मेडिकलवाला म्हणतो, किराणावाला म्हणतो, घेणारा तर म्हणतोच. डब्यावर तेच जरा शुद्ध मराठीत छापलेलं असतं: संपूर्ण आयुर्वेदिक, कोणतेही दुष्परिणाम नाहीत. रात्री चमचाभर कोमट पाण्यासोबत, सकाळी पोट साफ. ठेचा, तर्री, लग्नसराईतली जेवणं आणि त्यावर हा उतारा, असं हे आपल्याकडचं चक्र आहे. या वाक्याचा प्रतिवाद करताना मी अ‍ॅलोपॅथीचं वकीलपत्र घेणार नाही. गरजच नाही. चरकसंहिता उघडली तरी हे वाक्य पहिल्याच झटक्यात आडवं होतं.

विमानस्थानाचा पहिला अध्याय पाहा. तीन द्रव्यं अति प्रमाणात आणि सतत वापरू नयेत, असं चरक तिथे नाव घेऊन बजावतो. पिंपळी, क्षार आणि लवण. जगातल्या हजार वनस्पती-खनिजांमधून त्याने हे तीनच पदार्थ वेगळे काढले, आणि नुसतं ‘जपून’ म्हणून सोडलं नाही. क्षाराचा अतिरेक करणाऱ्या प्रदेशांची नावं घेऊन तिथल्या लोकांना अंधत्व, नपुंसकत्व, टक्कल आणि अकाली पिकलेले केस येतात, असं सांगितलं. त्याची कारणमीमांसा आज जशीच्या तशी मान्य करायची गरज नाही. पण औषधी द्रव्य रोज खाल्लं तर अपाय करतं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं आणि लिहून ठेवलं होतं. आता घरातल्या पाचक चूर्णाचा डबा फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा. पिंपळी आहे. सज्जीखार किंवा खाण्याचा सोडा आहे. सैंधव आहे, संचळ आहे. ज्या तिघांचा अतिरेक करू नका असं चरकाने बजावलं ते तिघंही एका डब्यात बसलेत, आणि त्या डब्यावर चित्र कुणाचं, तर खलबत्ता घेतलेल्या ऋषीचं.

यातली पिंपळी तर आपल्या घरचीच. अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा या पट्ट्यात पानपिंपळीचे मळे आहेत. बारी समाजाने पानवेलीसोबत हे पीक पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं. पानवेलीच्याच कुळातली ही वेल. तिची वाळलेली काळपट, बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी फळं व्यापाऱ्यांमार्फत औषध कारखान्यांकडे जातात. सुंठ आणि मिरे यांच्यासोबत ती त्रिकटूत येते आणि त्रिकटू म्हणजे अर्ध्याअधिक पाचक चूर्णांचा पाया. पिंपळी निकामी असती तर हा माल कुणी घेतलाच नसता. ती कामाची आहे, आणि माझा सगळा युक्तिवाद याच गोष्टीवर उभा आहे.

पिंपळीत आणि मिऱ्यात पायपरीन नावाचं द्रव्य असतं. यकृत आणि आतडी बाहेरून आलेली औषधं मोडून शरीराबाहेर काढण्याचं जे काम करतात, ते पायपरीन मंदावतं. त्यामुळे सोबत घेतलेलं दुसरं औषध रक्तात जास्त चढतं आणि जास्त वेळ टिकतं. भारतीय शास्त्रज्ञांनी याचाच उपयोग केला. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेत या गुणावर संशोधन झालं आणि त्यातून क्षयरोगावरची एक गोळी 2009 मध्ये बाजारात आली. त्या गोळीत रिफाम्पिसिनची मात्रा 450 मिलिग्रॅमवरून 200 वर आणली होती, कारण जोडीला 10 मिलिग्रॅम पायपरीन होतं. देशी ज्ञानाचा विजय म्हणून आपण ही गोष्ट अभिमानाने सांगतो आणि सांगावीच. पण मग तिचा उत्तरार्धही सांगा. जे द्रव्य क्षयाच्या औषधाची मात्रा निम्म्याहून खाली आणू शकतं, ते फिट्सच्या, दम्याच्या किंवा रक्तदाबाच्या गोळीशी काय करेल? फेनिटोइन, थिओफायलिन, प्रोप्रॅनोलॉल या तिन्ही औषधांची रक्तातली पातळी पायपरीनमुळे वाढल्याचं प्रयोगांत दिसलेलं आहे. यांतली पहिली दोन अशी की उपयोगाची मात्रा आणि विषारी मात्रा यांत फार अंतर नसतं. भाजीतल्या चिमूटभर मिऱ्याने कुणाचं काही बिघडत नाही, हे मला मान्य आहे. दोन वेळा चमचा-चमचा चूर्ण, तेही वर्षभर, हा हिशेब निराळा.

आता लवण. लवणभास्कर हे शास्त्रोक्त, जुनं, नावाजलेलं चूर्ण. त्यात चार प्रकारची मिठं असतात आणि ग्रंथोक्त पाठाने वजन केलं तर सुमारे 40 टक्के भाग मीठच भरतं. नावातच लवण आहे, त्यामुळे फसवणूक कुणाचीच नाही. ज्या वैद्याने ते चार दिवस ताकासोबत द्यायचं ठरवलं त्याचंही काही चुकलं नाही. चुकतं ते त्याला वर्षभराचा सोबती करणाऱ्याचं. आणि हे चूर्ण कुठे विकलं जातंय तेही पाहा. पूर्णेच्या खोऱ्यात, दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागात खारपाणपट्टा आहे. इथल्या विहिरीचं, बोअरचं पाणी जिभेला खारट लागतं. त्यात घातलेली डाळ धड शिजत नाही. किडनीच्या आजारांच्या तक्रारी या गावांतून वर्षानुवर्षं येताहेत. जागतिक आरोग्य संघटनेने माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितलंय. खारपाणपट्ट्यातला माणूस पाण्यातून, लोणच्यातून, पापडातून ती मर्यादा दुपारच्या जेवणालाच ओलांडत असेल. त्याचा रक्तदाब वाढलेला, किडनी थकलेली आणि रात्री वरून मीठ-सोड्याचा चमचा. तो चमचा देताना कुणी त्याला एकदा तरी विचारलं का, की बाबा, तुझं बीपी किती?

“आमचे आजे-पणजे हेच घेत होते,” हे दुसरं उत्तर तयार असतं. घेत होते, पण कसं? आजीच्या फडताळात हिरडा होता, ओवा होता, हिंग होता. पोट दुखलं की ती ओवा-मीठ चावायला द्यायची, बाळाच्या पोटावर हिंगाचं पाणी लावायची. थांबलं दुखणं की विषय संपला. सोनामुखी घातलेलं चूर्ण रोज रात्री, बारा महिने, असा आजीचा रिवाज नव्हता. शिवाय ती बीपीची गोळी, साखरेची गोळी आणि रक्त पातळ करायची गोळी घेऊन वर चूर्ण घेत नव्हती. आजचा साठीतला माणूस घेतो. आजीचा अनुभव त्याच्या कामाचा नाही. आणि एक कडू गोष्ट: आजीच्या काळात कोण कशाने गेलं हे नोंदवलंच जात नव्हतं. “पोटाचं निमित्त झालं” एवढ्यावर माणूस जायचा.

बरं, परंपराच मानायची तर पूर्ण माना. चरकाच्या सिद्धिस्थानात वमन-विरेचनाने होणाऱ्या व्यापदांवर, म्हणजे उपचारातून उद्भवणाऱ्या संकटांवर, एक आख्खा अध्याय आहे. पोट फुगणं, गुदाशी कातरल्यासारखी वेदना, छातीत धरणं, अंग आखडणं, इतकंच काय, रक्त पडणं, अशी दहा संकटं तिथे सांगितली आहेत. जुलाब कुणाला देऊ नये याची यादी त्याआधीच येऊन गेलेली आहे. ज्या शास्त्राने अपायांवर अध्याय लिहिला, त्याच्याच नावाने ‘अपाय नाहीत’ असं छापणं हा आयुर्वेदाचा गौरव की अपमान?

हिरड्याचं तर विशेष आहे. हिरड्याला चरकाने डोक्यावर घेतलंय, गुण गाताना त्याचे शब्द संपत नाहीत. आणि तरीही तोच सांगतो की अमुक लोकांनी हिरडा घेऊ नये. त्यात अजीर्ण झालेले आहेत, कोरडं-रुक्ष खाणारे आहेत, मद्याने खंगलेले आहेत, भूक, तहान आणि उष्णतेने गांजलेलेही आहेत. मे महिन्यातला अकोला डोळ्यांपुढे आणा. पारा 45 च्या वर, वखरणीला गेलेला माणूस, डब्यात भाकरी आणि चटणी, घाम गळून अंगावर मिठाचे पांढरे डाग पडलेले. कोरडं खाणं, भूक, तहान, उष्णता, सगळी लक्षणं एका माणसात. याला रात्री बद्धकोष्ठ म्हणून हिरडा-सोनामुखीचं चूर्ण दिलं जातं. त्याचा मळ घट्ट झाला तो पाण्यावाचून. त्याला हवं होतं पाणी, ताक, आंबील. मिळाला जुलाब, आणि त्यातून राहिलंसाहिलं पाणीही गेलं.

सोनामुखी नेमकं काय करते ते थोडं सविस्तर सांगतो, कारण बाजारातल्या बहुतेक ‘पोट साफ’ चूर्णांचा खरा नायक तीच. तिच्यातली सेनोसाइड्स लहान आतड्यातून तशीच पुढे जातात. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांना फोडतात, मग जे द्रव्य तयार होतं ते आतड्याला चेतवतं आणि पाणी शोषू देत नाही. याला सहा ते बारा तास लागतात, म्हणूनच रात्रीचा चमचा सकाळी लागू पडतो. जादू वगैरे काही नाही. हीच सेनोसाइड्स अ‍ॅलोपॅथीच्या गोळीत मिलिग्रॅम मोजून मिळतात. वनस्पती तीच, फरक इतकाच की गोळीवर मात्रा आहे आणि चमच्याला मात्रा नाही. युरोपच्या औषध नियंत्रकांनी सोनामुखी एक-दोन आठवड्यांपलीकडे वैद्यकीय देखरेखीशिवाय घेऊ नये असं सांगितलंय. वारंवार पातळ शौचाबरोबर पोटॅशियम जातं. पोटॅशियम उतरलं की पायात गोळे येतात, गळून जायला होतं, हृदयाचे ठोके चुकतात. डिगॉक्सिन किंवा पाणी काढायची गोळी चालू असलेल्या हृदयरोग्यासाठी हे जिवावरचं. दुसरा धोका गुपचूप येतो. पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली तर आतड्याची तपासणी व्हायला हवी, कारण तिथे गाठ असू शकते. चूर्णवाला माणूस तपासणीला जात नाही. तो एका चमच्याचे दोन करतो.

अ‍ॅसिडिटीवर घेतलं जाणारं अविपत्तिकर चूर्णही जरा जवळून बघू. जळजळ शमवणारं, थंड, निरुपद्रवी अशी त्याची ख्याती. ग्रंथातला पाठ असा: सुंठ, मिरे, पिंपळी, त्रिफळा वगैरे अकरा द्रव्यं प्रत्येकी एक भाग, लवंग अकरा भाग, निशोत्तर 44 भाग आणि साखर 66 भाग. म्हणजे निम्मी साखर, आणि एक तृतीयांश निशोत्तर, जे रेचक आहे. पित्त खाली ओढून काढायचं ही त्यामागची जुनी, सुसंगत कल्पना. पण मधुमेही माणूस हे ‘आयुर्वेदिक आहे’ म्हणून बिनदिक्कत खातो आणि आपण रोज साखर व जुलाब घेतोय याची त्याला खबर नसते. बऱ्याच अ‍ॅसिडिटीच्या चूर्णांत ज्येष्ठमध असतो. घशाला गोड, पोटाला निवांत. तोच जास्त दिवस, जास्त प्रमाणात घेतला तर शरीर मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम सोडतं आणि रक्तदाब चढतो. अमेरिकेत ज्येष्ठमधाच्या गोळ्या रोज पाकिटागणिक खाणारा एक माणूस पोटॅशियम उतरून, हृदय बंद पडून दगावला. 2020 मध्ये तिथल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात त्याची हकिगत आली. ती औषधं नव्हती, दुकानातली मिठाई होती.

इतक्या लांब जायलाही नको. करोनाच्या पहिल्या वर्षी काढ्याची लाट आली तेव्हा गुळवेल घराघरांत शिजली. अमरावतीतही कडुनिंबावरची गुळवेल शोधत लोक फिरत होते. 2020 च्या अखेरीस मुंबईत यकृतरोगतज्ज्ञांनी गुळवेल घेणारे सहा रुग्ण नोंदवले. कावीळ, यकृताला इजा. त्यातल्या एका वृद्धेचा मृत्यू झाला. काहींना आधीपासून यकृताचा दबा धरून बसलेला आजार होता आणि गुळवेलीने तो चेतवला असावा, असं डॉक्टरांनी मांडलं. 2021 मध्ये तो लेख प्रसिद्ध झाल्यावर आयुष मंत्रालयाने हरकत घेतली. गुळवेल सुरक्षित आहे, रुग्णांनी घेतलेली वनस्पती तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असू शकते, असं त्यांचं म्हणणं. पुढे देशातल्या 13 केंद्रांमधून अशा 43 रुग्णांचा अभ्यास आला तेव्हा प्रश्न एका रुग्णालयाचा नाही हे कळलं.

मंत्रालयाची हरकत क्षणभर पूर्ण खरी धरू. मग तर ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्यांची आणखी पंचाईत. खरी गुळवेल आणि तोतया गुळवेल यांतला फरक रुग्णाला कळत नाही, काढा विकणाऱ्याला कळत नाही आणि डब्यावर तर लिहिलेलाच नसतो. नव्वदीच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये ब्रसेल्सच्या एका क्लिनिकमध्ये वजन कमी करायच्या चिनी जडीबुटीत नेमकी अशीच अदलाबदल झाली. एका वनस्पतीच्या जागी नावसाधर्म्यामुळे ईश्वरीच्या कुळातली दुसरी आली. शंभराहून अधिक बायकांच्या किडन्या गेल्या, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. ती पावडरही शंभर टक्के नैसर्गिक होती. भेसळीचं म्हणाल तर अमेरिकेत बोस्टनच्या आसपास दुकानांत मिळणारी 70 आयुर्वेदिक उत्पादनं 2004 मध्ये तपासली गेली. 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं.

इथे कुणीतरी उठून विचारणारच: अ‍ॅलोपॅथीच्या औषधांचे दुष्परिणाम काय कमी आहेत? नाहीत कमी. पोटाच्याच गोळ्यांचं बोलू. सिसाप्राइड हे पोटातलं अन्न पुढे ढकलणारं औषध हृदयाचा ताल बिघडवतं म्हणून भारतात 2011 मध्ये बंद झालं, आणि अमेरिकेपेक्षा दहा-अकरा वर्षं उशिरा बंद झालं ही आपली लाज. रॅनिटिडीन पिढ्यांनी खाल्लं. त्यात कॅन्सरकारक अंश सापडला म्हणून अमेरिकेने 2020 मध्ये ते बाजारातून काढायला लावलं. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या सकाळी चहाआधी वर्षानुवर्षं गिळणं हेही आपल्याकडचं वेडच. पण हे सगळं तुम्हाला-मला कळलं कसं? मोजलं, नोंदवलं, छापलं आणि औषध मागे घेतलं म्हणून. कोरफडीच्या चिकाचं उदाहरण तर सरळ आपल्या विषयातलं आहे. रेचक म्हणून विकल्या जाणाऱ्या या चिकाची सुरक्षितता दाखवा, असं अमेरिकन औषध प्रशासनाने कंपन्यांना सांगितलं. कुणी माहिती दिली नाही. 2002 मध्ये परवानगी गेली. आपल्याकडे असा प्रश्न कुणी कुणाला विचारतं का?

“सरकारने लायसन दिलंय ना?” दिलंय. मात्र कशाचं, ते बघा. आयुर्वेदिक औषधाच्या घटकांची नावं मान्य ग्रंथांत असली की मिश्रण कंपनीने स्वतःचं बनवलं तरी चालतं. अनेक प्रकारांत सुरक्षिततेच्या वेगळ्या चाचणीची अटही नसते. कुचला, बचनाग, जमालगोटा असल्या विषारी द्रव्यांची यादी कायद्यात आहे, ती असलेल्या औषधावर देखरेखीची सूचना छापावी लागते. सोनामुखी त्या यादीत नाही. दुसरा दरवाजा अन्नाचा. तीच वनस्पती सप्लिमेंट म्हणून अन्नाच्या परवान्यावर आणली की डब्यावर औषधी वापरासाठी नाही असं छापायचं, आणि दुकानदाराने तोंडाने पोटाचं औषध म्हणून विकायची. अल्सर बरा करतो अशी जाहिरात 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे. जाहिरातीआधी मंजुरी घ्यायला लावणारा नियम 170 हा 2018 मध्ये आला. मंत्रालयाने तो 2024 मध्ये वगळला, सर्वोच्च न्यायालयाने वगळण्याला स्थगिती दिली आणि 2025 मध्ये खटला मिटवताना ती स्थगितीही उठली. थोडक्यात, लायसनचा कागद कारखान्यात भिंतीवर आहे. तुमच्या पोटाची हमी त्यात कुठेही नाही.

हे लिहिलं की आयुर्वेदाचा वैरी ठरवलं जातं. वैर कुणाशी? अमरावतीला विदर्भ आयुर्वेद महाविद्यालय आहे, अकोल्याला राधाकिसन तोष्णीवाल आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथल्याच कृषी विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. तिथे वनस्पती ओळखायला शिकवतात, मात्रा शिकवतात, कोष्ठ मृदू आहे की क्रूर हे पाहून जुलाब द्यायला शिकवतात. चांगला वैद्य जीभ पाहतो, भूक विचारतो, झोप विचारतो आणि चूर्ण दिलंच तर किती दिवसांनी थांबवायचं तेही सांगतो. चमचाभर चूर्णाचा डबा यातलं काहीच विचारत नाही. आयुर्वेदिक औषधांचे अपाय नोंदवण्यासाठी खुद्द आयुष मंत्रालयाने यंत्रणा उभारली आहे, तिचं मुख्य केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. अपाय होतच नसते तर ती नोंदवही कशासाठी उघडली?

त्या वहीत आपल्या भागातून काय जातं, हा खरा प्रश्न आहे. रुग्ण सांगत नाही आणि डॉक्टर विचारत नाहीत. डॉक्टर विचारतात, “दुसरं कोणतं औषध चालू आहे का?” आणि सहा महिन्यांपासून रोज चूर्ण घेणारा माणूस खऱ्या मनाने “नाही” म्हणतो, कारण त्याच्या लेखी ते औषधच नाही. म्हणून अमरावतीच्या इर्विन रुग्णालयाच्या ओपीडीपासून गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत प्रत्येक डॉक्टरने आणि वैद्याने प्रश्न बदलावा. चूर्ण, काढा, चाटण, आसव, जाहिरातीतली पावडर, यातलं रोज काय घेता, किती दिवसांपासून, आणि डबा कुठाय, तो उद्या घेऊन या. कावीळ झालेल्याला, कारण नसताना पोटॅशियम उतरलेल्याला, किडनीचा अहवाल अचानक बिघडलेल्याला तर हे विचारल्याशिवाय केसपेपर मिटूच नये. डबा आला की त्याचा बॅच नंबर त्याच केसपेपरवर उतरवावा आणि संशयित अपायाचा फॉर्म भरून पुढे पाठवावा.